रात्री धनुष्यबाणाने बुलफ्रॉग मारायला लाइट कुठला घ्यावा?

मिसुरीकर_नवखा
मंडळी, मी अमेरिकेत मिसुरीत राहतो, कोलंबियाच्या जवळ. ऑफिसमधल्या एकाच्या घरचं शेत आहे, शेतात मोठं तळं, आणि ३० जूनला सूर्य मावळला की सीझन उघडतो म्हणून त्यांची सगळी गँग बेडकांच्या मागे. ते लोक गिग वापरतात, म्हणजे लांब काठी आणि पुढे काटेरी टोक. माझ्याकडे ३० पाउंड ओढीचा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य) आहे आणि इथे धनुष्य चालतं असं कळलंय, तर म्हटलं तेच न्यावं. पण गिगवाला एका हातात टॉर्च धरतो, मला तर दोन्ही हात लागणार. हेडलॅम्प घेऊ, की धनुष्यालाच बसणारा लाइट घेऊ? आणि लाल घ्यावा का पांढरा? रानात लाल बरा असं कुठेतरी वाचलेलं. बजेट ५०-६० डॉलर.

तळ्याकाठचा_दादा
लाल विसर. लाल असतो हरणा-डुकराला कळू नये म्हणून, इथे तर बेडकाला कळायलाच हवंय! डोळ्यावर पांढरा झगझगीत झोत पडला की तो दिपतो आणि जागेवर बसून राहतो, तीच तर सगळी गंमत आहे. झोत जरा हलला की डुबुक, गेला.

माझं मत हेडलॅम्पला. बेडकाचे डोळे प्रकाश जिकडून आला तिकडेच परत टाकतात, त्यामुळे लाइट तुझ्या डोळ्यांच्या जितका जवळ तितकी चमक जास्त दिसते. टॉर्च कमरेशी धरून फिरलास तर समोर बसलेला पण दिसणार नाही. हिरवट, ठळक जोडी दिसली की थांब. गवतात शेकडो बारीक बारीक टिकल्या चमकताना दिसतील, त्या कोळ्यांच्या, पहिल्यांदा जाणारा हमखास त्यांच्यामागे लागतो.

ल्युमेनचे (म्हणजे एकूण उजेडाचे) आकडे बघून घेऊ नको. १००० ल्युमेन लिहिलेला छोटा लाइट दोन-चार मिनिटांत तापतो आणि आपोआप मंद होतो. ३००-४०० कायम टिकणारे बास, फक्त झोत एकवटलेला हवा, सगळीकडे पसरणारा नको.

ओझार्कवाला
दादांचं डोळ्यांच्या चमकेचं १०० टक्के बरोबर, पण जुलैत तळ्यावर पूर्ण जोरात हेडलॅम्प लावून एकदा उभं राहून बघा, चिलटं नाकातोंडात जातात आणि नेम धरताना नेमकी पापणीवर बसतात. वर पाण्यावर थोडं धुकं असलं की कपाळावरचा लाइट त्या धुक्यावर आपटून सरळ आपल्याच डोळ्यात येतो. आणि टोपीची झडप किंवा लाइट पुढे आलेला असेल तर दोरी ओढताना अडकते, हे घरी अंगणात ओढून बघच.

मी दोन लाइट नेतो. डोक्यावर साधा, मंद, चालायला आणि शोधायला. धनुष्यावर स्टॅबिलायझरच्या (धनुष्य स्थिर ठेवायला पुढे लावतात त्या दांडीच्या) भोकात बसणारा झोताचा लाइट. ते भोक बहुतेक ५/१६-२४ आट्यांचं असतं, पण जुन्या लाकडी रिकर्व्हला असेलच असं नाही, आधी बघ. नसेल तर क्लॅम्प मिळतो. तोटा एकच, धनुष्य खाली केलं की झोत पायाशी जातो, म्हणून डोळे दिसले की धनुष्य वर ते वरच.

बटण जरूर तपास. काही लाइटला फुल, मध्यम, मंद, मग लुकलुक असं चक्र असतं. बेडूक समोर आणि आपला लाइट डिस्को करतोय, काय उपयोग.

मिसुरीकर_नवखा
वा, भारीच माहिती! भोक आहे माझ्या धनुष्याला, आत्ताच बघितलं. पाण्यात पडला तर काय? आणि पांढऱ्यात पण दोन प्रकार दिसतायत, निळसर आणि पिवळसर.

तळ्याकाठचा_दादा
पिवळसर घे. निळसर उजेडात ओला चिखल, शेवाळ, बेडूक सगळं एकाच रंगाचं दिसतं. आयपीएक्स७ लिहिलेला घे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तगतो. १८६५० सेलवाला (चार्ज होणारा जाडसर लिथियम सेल) असेल तर जास्तीचा एक सेल डबीत घालून खिशात ठेव, सुटा नको, किल्ल्यांना लागून शॉर्ट होतो.

नेमाचं पण सांगतो. काठावर बसलेला असेल तर सरळ मार. पाण्यात नुसते डोळे वर असतील तर अंग दिसतं त्यापेक्षा खोल असतं, थोडं खाली धर. बाण बोफिशिंगचा (धनुष्याने मासे मारायचा), दोरीवाला, नाहीतर बाणासकट बेडूक पाणकणसात गडप.

कायदेपंडित_पण_प्रेमळ
लाइटच्या नादात हे विसरू नका. रात्री धनुष्य आणि झोत घेऊन शेतात फिरणारा माणूस लांबून हरणचोरच वाटतो. मिसुरीत बेडकासाठी लाइट चालतो, पण झोत कुरणात हरणांवर फिरवत बसू नका, आणि जाण्याआधी तिथल्या कॉन्झर्वेशन एजंटला (शिकारीचे नियम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) एक फोन टाका. फिशिंग किंवा हंटिंग परमिट खिशात हवं. दिवसाला ८, त्यात बुलफ्रॉग आणि ग्रीन फ्रॉग दोन्ही धरून. सीझन ३१ ऑक्टोबरला संपतो.

कोकणी_बाणा
आमच्याकडे पावसाळ्यात शेतात हे धूड आवाज काढतं, त्यावर चालेल का हा लाइट? 😄

कायदेपंडित_पण_प्रेमळ
अजिबात नाही हो! तो आपला भारतीय बुलफ्रॉग वेगळा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित. बेडकांचे पाय खायला परदेशी पाठवणं तर १९८७ पासून बंद. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून लपूनछपून खातात तो पण गुन्हाच. फोटो काढा की मनसोक्त.

मिसुरीकर_नवखा
ठरलं मग, धनुष्यावर झोताचा, डोक्यावर मंद, दोन्ही पिवळसर. ओझार्कवाले, तुमच्या धनुष्यावरच्या लाइटचं वजन किती आहे? माझा रिकर्व्ह हलका आहे, पुढे जड झाला तर हात खाली जाईल असं वाटतंय.

ओझार्कवाला
सेलसकट दीडशे ग्रॅमच्या आत ठेव. आणि लावून दिवसा अंगणात २०-२५ बाण मार, पाच-सहा पावलांवरून, बेडूक तेवढ्यावरच असतो.