स्क्वॉट वाढला, वेग का नाही?

प्रश्न: सहा महिन्यांत स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) ९० वरून १३० किलोवर नेला. १०० मीटरला मात्र अजून १२.४ सेकंदच! पहिले २० मीटर सुधारलेत, पण साठनंतर खांदे कानाला भिडतात. एवढी ताकद जाते कुठे?

उत्तर १: पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर जेमतेम ०.१ सेकंद टेकतं. स्नायूला सगळा जोर लावायला त्याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. सुरुवातीला पाऊल जास्त वेळ टेकतं, म्हणून तिथे फायदा दिसला.

उत्तर २: शिवाय एक स्नायू आवळताना त्याच्या विरुद्धचा वेळेवर सैल पडायला हवा. तुमचे दोघे एकमेकांशीच भांडतायत, खांदे तेच सांगतात. ३० मीटर फ्लाइंग स्प्रिंट (आधी धावत वेग घ्यायचा, मग ३० मीटर पूर्ण वेगात) करा, मध्ये पूर्ण विश्रांती.

प्रश्नकर्ता: म्हणजे दात-ओठ खाऊन धावणं बंद! (दातांचे डॉक्टरही हेच म्हणाले होते.)