अनुभव धागा: पातळ टॅब वाकतो, फुगतो, ओल धरतो. आपल्या भागात तो टिकवायचा कसा?

मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सगळ्या पट्ट्यात टॅब आता पोरांच्या अभ्यासापासून फौंड्रीतल्या ड्रॉइंगपर्यंत आणि दुकानाच्या काउंटरपासून ऊस नोंदणीपर्यंत पोचलाय. ज्यांचा रोज त्याच्याशी संबंध येतो त्यांनी लिहावं. "अमुक कंपनी वाईट" एवढ्यावर थांबू नका. काय बिघडतं, कशामुळे, कसं ओळखायचं आणि मग काय करायचं, हे मापासकट सांगा.

सुरुवात वाकण्यापासून करतो. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनात बदलतो. 2011 चा आयपॅड 2 हा 8.8 मिमी जाड होता, 2024 चा 13 इंची आयपॅड प्रो 5.1 मिमी आहे. धातू आणि घडण तीच धरली तर नवा साधारण पाच पटीने कमी ताठ भरेल. म्हणूनच त्या मॉडेलच्या आत मधोमध धातूची आधारपट्टी घालावी लागली. 2018 च्या 5.9 मिमी आयपॅड प्रोवरून बरीच ओरड झाली होती, तेव्हा अ‍ॅपलने 400 मायक्रॉनपर्यंतचा बाक चालेल असं धरलं. आपल्या नेहमीच्या 80 जीएसएमच्या झेरॉक्स कागदाची जाडी साधारण 100 मायक्रॉन, म्हणजे चार कागद. तपासायचं असेल तर कव्हर काढा, स्टीलची फूटपट्टी धारेवर उभी करून स्क्रीनवर आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा आणि पलीकडून मोबाईलचा टॉर्च मारा. उजेडाची फट दिसली तर तिथे एकेक कागद सरकवून मोजा. मागच्या बाजूने मोजायला जाऊ नका, कॅमेऱ्याचा उंचवटा फसवतो.

वाकायला सुरुवात कुठून होते तेही बघा. लांब बाजूच्या मधोमध जिथे भोक किंवा खाच असते तिथून: माइकचं भोक, आवाजाचं बटण, सिमचा ट्रे, पेन चिकटवायची जागा. दोन समोरासमोरच्या कडांना अशा खाचा एकाच रेषेत आल्या की टॅब तिथेच घडी घालतो.

शहापूर, दुरुस्तीचं टेबल

वरचं माप बरोबर आहे, पण एक घोटाळा सांगतो. "टॅब वाकलाय" म्हणून येतात त्यातले बरेच वाकलेले नसतात, बॅटरी फुगलेली असते. फरक सोपा आहे. वाकलेल्या टॅबची स्क्रीन एका बाजूने खोलगट झाली तर पाठ तेवढीच बाहेर येते. बॅटरी फुगली असेल तर पाठ सपाट राहून स्क्रीनच तेवढी वर येते, एखाद्या कडेला नख जाईल एवढी फट पडते, आणि एलसीडी असेल तर पांढऱ्या पडद्यावर मधोमध ढगासारखा फिकट डाग दिसतो.

पातळ टॅबमध्ये बॅटरी म्हणजे कडक डबी नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्याची सपाट पिशवी असते, पाठीच्या पत्र्याला चिकटवलेली, आणि वर काचेपर्यंत जेमतेम जागा. आतला द्राव उष्णतेने आणि कायम 100 टक्के भरलेल्या अवस्थेत हळूहळू विघटन पावून वायू होतो. वायूला जायला जागा नाही, मग तो काच उचलतो. दुकानाच्या काउंटरवर बारा-चौदा तास चार्जरला जोडलेले बिलिंगचे टॅब यात आघाडीवर.

फट दिसली की चार्जिंग बंद, टॅब बंद, आणि कड दाबून परत बसवायचा मोह टाळा. पिशवीला टोक लागलं तर पेट घेते. तसाच सपाट पृष्ठभागावर, गादीपासून आणि कागदांपासून लांब ठेवा आणि दुकानात आणा. फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, तिथे ती पेटू शकते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

उघडताना आम्ही काय बघतो तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला विचारता येईल. बॅटरी चांगली असेल तर आधी 25 टक्क्यांच्या खाली उतरवून घ्यायची. कडेला 70 ते 80 अंशांपर्यंत ऊब द्यायची, एकाच जागी हीट गन धरायची नाही, नाहीतर ओलेड पडद्यावर पिवळट डाग राहतो. प्लॅस्टिकचं कार्ड पाच-सहा मिलिमीटरच्या वर आत घालायचं नाही. टच आणि डिस्प्लेला जोडणाऱ्या पातळ केबलच्या पट्ट्या कोणत्या कडेला आहेत ते मॉडेलप्रमाणे बदलतं. ते न बघता कार्ड फिरवलं की काच शाबूत आणि पट्टी कापलेली. बॅटरी सोडवताना खाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून दोन-तीन मिनिटं थांबायचं, लोखंडी पाना घालून उपटायचं नाही. जो कारागीर "पाच मिनिटांत काढून देतो" म्हणतो त्याच्याकडे देऊ नका.

आणि हे फार महत्त्वाचं: फ्रेम वाकलेली असताना नवी काच बसवू देऊ नका. काच सपाट, फ्रेम बाकदार, मग गोंद धरेपर्यंत क्लिप लावून दाबलं की काचेत कायमचा ताण राहतो. आठवड्याभरात कोपऱ्यातून आपोआप तडा जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं डुप्लिकेट काच लावली. कोपरा चेपला असेल तर तो आधी आतून सरळ करून, काच बसते त्या खोबणीत सगळीकडे सारखी फट आहे का हे काच न चिकटवता ठेवून बघायचं. विचारा, "फ्रेम सरळ केली का? कोरडी बसवून बघितली का?"

काचेबद्दल आणखी एक. स्वस्त टॅबमध्ये काच आणि डिस्प्ले वेगळे असतात, मधे हवेची फट. फुटली तर नुसती काच बदलता येते, खर्च कमी. महागड्या पातळ टॅबमध्ये दोन्ही एकजीव चिकटवलेले असतात, तिथे बहुतेक वेळा पूर्ण कॉम्बोच घालावा लागतो. टॅब घेतानाच हे विचारून ठेवा.

उद्यमबाग

आमच्याकडे फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये टॅब सर्रास फिरतात. तिथला शत्रू वेगळा आहे, त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

पातळ टॅबमध्ये लोहचुंबक भरपूर असतात: कव्हर चिकटायला, पेन चिकटायला, चार-चार स्पीकरमध्ये. ग्राइंडिंगची आणि फेटलिंगची (ओतीव मालाच्या कडा साफ करायच्या कामाची) लोखंडी भुकटी हवेत असतेच. ती थेट या जागांवर जाऊन बसते. दुपारी टॅब उचलून कड उजेडाकडे धरा, पेनाच्या जागेवर बारीक काळी लव उगवल्यासारखी दिसते, बोट फिरवलं की आडवी पडते आणि परत उभी राहते. तीच भुकटी स्पीकरच्या जाळीत शिरली की आवाज फाटतो, आणि मॅग्नेटवाल्या कव्हरखाली राहिली की पाठ आणि काच दोन्ही घासते. चार्जिंगच्या पोर्टात गेली तर पिना शॉर्ट होतात.

काढायची पद्धत: टॅब बंद करा, सेलोटेपचा चिकट भाग जाळीवर हलकेच टेकवून सरळ वर उचला, दर वेळी नवा तुकडा. जाळी आडवी पुसू नका, भुकटी आत ढकलली जाते. शॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा तर मारूच नका. सहा-सात बार दाबाचा झोत माइकचा पडदा फाडतो, शिवाय लाइनमधलं तेल-पाणी आत फवारतो. कामाच्या जागी टॅब पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवा, टच त्यातून चालतो. मॅग्नेटचं फोलिओ कव्हर शॉप फ्लोअरवर वापरू नका, चारी बाजूंनी कडा धरणारं कव्हर घ्या.

खानापूर

जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंतीलाही बुरशी येते, टॅबचं काय सांगायचं. एक गैरसमज आधी काढतो. आयपी 68, म्हणजे पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा, याचा अर्थ "पाऊस चालतो" असा नाही. ती चाचणी ठराविक खोलीच्या गोड्या पाण्यात, नव्याकोऱ्या टॅबवर होते. पडलेला, वाकलेला किंवा एकदा उघडून परत चिकटवलेला टॅब त्यात धरू नका. गॅलेक्सी टॅब एस 9 सारख्या थोड्याच टॅबना तो दर्जा आहे, बहुतेकांना काहीच नसतं.

खरी भानगड ओलीची. भिजल्या रेनकोटबरोबर एकाच सॅकमध्ये टॅब, आणि तोही गरम असताना बंद केलेला. सॅकमध्ये दमटपणा कोंडतो, टॅब गार होतो, पोर्टात आणि काचेच्या मागे दव धरतं. घरी येऊन लगेच चार्जर लावला की ओल्या पिनांतून वीज जाते आणि पिना हिरव्या-काळ्या पडतात. पाणी एकट्याने जेवढं नुकसान करत नाही तेवढं पाणी आणि वीज मिळून करतात.

उपाय असा. पोर्ट खाली करून तळहातावर हलके ठोके द्या, मग पंख्याच्या वाऱ्यात पोर्ट खालीच राहील असा उभा ठेवा. निदान चार-पाच तास, भिजला असेल तर पूर्ण रात्र. तांदळाच्या डब्यात घालू नका, पीठ पोर्टात जाऊन लगदा होतो. हेअर ड्रायरही नको, कडेचा गोंद सुटतो. पावसाळाभर टॅबसाठी वेगळी झिपची पिशवी आणि त्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या. महिन्याने पुड्या बदला.

निपाणी

प्रश्न आहे. पोरीचा टॅब चार्जिंगला लावला की आपोआप टच मारतो, वहीची पानं उलटतात. दुकानात डिस्प्ले बदलायला सांगितलाय. बदलू का?

शहापूर, दुरुस्तीचं टेबल

थांबा ताई, आधी चार्जर काढून बघा. काढल्यावर बरोबर चालत असेल तर डिस्प्लेचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त. हलक्या चार्जरमध्ये गाळणी नीट नसते, विजेचा खडखडाट टचपर्यंत पोचतो. धातूच्या पाठीला बोट फिरवलं की मुंग्या येतात का? तेच कारण. मूळ चार्जर आणि मूळ केबल लावून, दुसऱ्या सॉकेटवर तपासा. चार्जर काढूनही एकाच पट्ट्यात टच मारत असेल तर मग बॅटरी फुगून काचेला मागून दाबते का ते बघा, आणि डिस्प्लेचा विचार त्यानंतर.

चिकोडी, ऊस नोंदणी

शिवारात फिरणाऱ्या टॅबचं सांगतो. आमच्या कामात टॅब मोडतो तो हातातून पडून कमी आणि सॅकमध्ये जास्त. सॅकमध्ये पाण्याची बाटली किंवा जेवणाचा स्टीलचा डबा टॅबच्या मधोमध टेकतो, वरून बसमध्ये पाठ टेकून बसलं की दोन कडांवर आधार आणि मधे भार. याहून वाईट मांडणी नाही. टॅब पाठीच्या बाजूच्या कप्प्यात, स्क्रीन पाठीकडे, आणि बसमध्ये सॅक मांडीवर.

त्याहून चांगलं म्हणजे ताठपणा बाहेरून द्या. बोर्ड बनवणाऱ्याकडून 3 मिमीची एसीपी (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमधे प्लॅस्टिक असलेली) शीट कापून घ्या. 11 इंची टॅब साधारण 25 बाय 18 सेंमी असतो, शीट 27 बाय 20 ची घ्या, कोपरे गोल करा आणि कडांना टेप लावा. टॅबकडच्या बाजूला 5 मिमीचा फोम चिकटवा आणि ही फळी स्क्रीनच्या बाजूला ठेवा. वजन दोनशे-अडीचशे ग्रॅमने वाढतं. टॅब हलका म्हणून घेतला आणि आता परत जड करायचा, हे पटत नाही लोकांना. पण कंपनीने जो कणा काढून टाकला तो आपणच परत घालायला लागतो, दुसरा मार्ग नाही.

कव्हर बघताना नुसतं जाड रबर बघू नका. मऊ रबर पडल्यावर वाचवतं, वाकण्यापासून नाही. पाठ कडक पॉलीकार्बोनेटची, कडा मऊ, आणि स्क्रीनच्या वर किनार निदान 1 मिमी उंच. टेम्पर्ड ग्लास ओरखड्यांसाठी ठीक आहे, वाकण्याला तिचा उपयोग शून्य.

उष्णतेचं: आयपॅड 35 अंशांपर्यंत वापरायचा आणि 45 पर्यंत ठेवायचा असं अ‍ॅपल सांगतं. अथणी-रायबागकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात टॅबचा धातू त्याच्या पुढे सहज जातो. स्कूटीच्या डिकीत आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तापला असेल तर आधी सावलीत निवू द्या, मग चार्जर. ओला फडका किंवा फ्रिज नको, आत दव धरतं. पूर्ण दिवस शिवारातच काम असेल तर बॅटरी सहज काढता येणारा जाड, मजबूत टॅब घ्या, गॅलेक्सी टॅब अ‍ॅक्टिव्हच्या जातीचा. दिसायला सुंदर नाही, पण फुगलेली बॅटरी मागचं झाकण उघडून हाताने बदलता येते.

धागाकर्ता

चिकोडीकर, फळीची कल्पना फारच उपयोगी. त्यात एक भर: कव्हर घातलेल्या टॅबला केबल लावायला जागा अरुंद पडते, मग केबल तिरकी बसते आणि पोर्टच्या जिभेवर ताण येतो. यूएसबी-सी पोर्ट 10,000 वेळा लावणं-काढणं सोसेल असा ठरवलेला आहे, तोही सरळ लावला तर. काटकोनी टोकाची केबल घ्या. केबल सैल वाटली तर पोर्ट बदलायच्या आधी टॅब बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने कचरा काढा, बऱ्याचदा सॅकमधल्या धाग्यांची गादीच निघते. सुई किंवा टाचणी नको.

गणपत गल्ली, दुकान काउंटर

आमचा बिलिंगचा टॅब दिवसभर चार्जरलाच असतो. वरचं फुगण्याचं वाचून आत्ताच फूटपट्टी लावून बघितली, अजून सपाट आहे. आता काय करू? सारखा काढत-लावत बसायला वेळ नाही.

शहापूर, दुरुस्तीचं टेबल

सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर 80 किंवा 85 टक्क्यांवर थांबायचा पर्याय असेल तर तो आजच चालू करा. नसेल तर इलेक्ट्रिकलच्या दुकानात प्लगमध्ये बसणारा टायमर मिळतो, तो सकाळी एक तास आणि दुपारी एक तास चालू ठेवा, बाकी वेळ बंद. तेवढ्यात बॅटरी 30 ते 80 च्या मधे राहते का ते चार दिवस बघून वेळ कमी-जास्त करा. स्टँड भिंतीला चिकटून असेल तर पाठीमागे दोन बोटं जागा सोडा. आणि महिन्यातून एकदा, जशी आज लावलीत तशी, फूटपट्टी लावा.