कुळागरात पाण्याविना बेडकाची पिल्लं कुठून येतात?

पोफळकर (सत्तरी)
नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईपासून पुढे आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे. तळीवर वाकलेल्या जांभळीच्या फांदीला दर पावसाळ्यात मुठीएवढा पांढरा फेस लटकतो. काही दिवसांनी त्यातून बेडूकमासे टपटप पाण्यात पडतात. इथवर समजलं. पण पोफळींच्या बुडाशी पाचोळ्यात नखापेक्षा लहान बेडकं उड्या मारत असतात, चार पायांची, अगदी पुरी झालेली. तिथे पाणी साठत नाही, बेडूकमासा तर कधीच दिसला नाही. वहिनी म्हणते, तळीतूनच चढून येतात. मला पटत नाही.

दुसरं म्हणजे, भाच्याने शेतातले बेडूकमासे काचेच्या बरणीत पाळले होते. चार पाय फुटेपर्यंत ठणठणीत, मग खाणं सोडलं आणि मेले. पाणी रोज बदलायचा बिचारा.

डिचोलीचा_बाबू
फेस म्हणजे किड्याची थुंकी रे! आमच्या परसात झाडांवर कितीतरी असते.

निवृत्त_मास्तर (फोंडा)
बाबू, किड्याची थुंकी हरभऱ्याएवढी. मुठीएवढा फेस मलबारी उडणाऱ्या बेडकाचा. मादी अंडी घालताना अंगातून सुटणारा द्रव मागच्या पायांनी घुसळते. फेस वरून सुकतो, आत ओल राहते, आणि पाण्यातल्या माशांच्या तोंडी अंडी लागत नाहीत. आत बेडूकमासे तयार होतात, पावसाने फेस विरघळला की खाली तळी आहेच.

पाचोळ्यातली मंडळी वेगळी. ती बहुधा राओर्चेस्टिस नावाच्या गटातली झुडपी बेडकं. अंडी मोजकीच, पण मोठी आणि बलकाने भरलेली. पाय फुटणं, शेपूट जिरणं, सगळं अंड्याच्या आवरणातच उरकतं आणि बाहेर पडतं ते थेट पिल्लू. पाणी नको, ओल पुरे. वहिनींना सांगा, तळीतली पिल्लं झाडाझुडपांकडे जातात.

आता बरणी. बेडूकमाशाचा बेडूक करतो तो थायरॉइडचा हॉर्मोन. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ते अंगाने वाढायच्या आधीच इवलेसे बेडूक झाले. मागचे पाय आपल्याला आधी दिसतात. पुढचे कल्ल्यांच्या झाकणाखाली लपून वाढतात आणि अचानक बाहेर येतात. त्याच सुमारास शेवाळ खरवडणारं तोंड मोडून रुंद जबडा होतो, वेटोळं घातलेलं लांब आतडं आखडतं. किडे खाणाऱ्याला एवढं आतडं लागत नाही. या मोडतोडीत खाणार कसं? शेपटीच्या पेशी मरून विरघळतात, त्यावर गुजराण होते. म्हणजे उपास ठरलेलाच होता. जीव गेला तो दुसऱ्या कारणाने: कल्ले गेले, फुप्फुसं सुरू झाली आणि गुळगुळीत काचेत पाण्याबाहेर बसायला जागा नाही. ते बुडून मेले.

पोफळकर (सत्तरी)
बेडूक बुडून मेले! भाच्याला हे कोण सांगणार? आणि मास्तर, यंदा तळीला आतून सिमेंटचा गिलावा केलाय. तिथेही हेच व्हायचं का?

निवृत्त_मास्तर (फोंडा)
फेसातल्यांची काळजी नको. त्यांच्या बोटांना चिकट चकत्या असतात, उभ्या भिंतीवर चढतील. शेताकडच्या साध्या बेडकांसाठी एका कोपऱ्यात चिरा तिरका टाका, निम्मा पाण्याबाहेर.

पेडण्याची_माई
पोफळकर भाऊ, बरणीतले बेडूकमासे आधीपासूनच कमी होत होते का? शेतातल्या त्या मोठ्या बेडकाची पिल्लं दुसऱ्यांचे बेडूकमासे खातात, जमल्यास आपल्याच भावंडांनाही. पहिल्या पावसात ‘जंपिंग चिकन’ म्हणून लोक पोत्यांत भरून नेतात तेच हे बेडूक. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्यांना पकडणं गुन्हा आहे, तरी टॉर्च घेऊन फिरणारे आहेतच.

पोफळकर (सत्तरी)
होय माई, रोज एखाददुसरा कमी व्हायचा. आळ मांजरावर गेला होता. दोन दिवस तिला माजघरात येऊ दिलं नव्हतं.