महापालिकेचे मत सीमाप्रश्नावर द्यावे का?

शहापूरचा मतदार: आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या समितीला, म्हणजे बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला, मत देणारे आहे, तरीही बेळगाव महापालिकेच्या निवडणुकीतले मत सीमाप्रश्नावर द्यावे, हे मला आता पटत नाही. राज्याची हद्द बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेकडे आहे आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. नगरसेवकाच्या हाती गटारे, कचरा आणि घरपट्टी एवढेच असते. लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिकेची व पंचायतीची राज्य निवडणूक आयोग. कायद्याने वेगळी ठेवलेली ही मते आपणच एका गाठोड्यात बांधतो.

वडगावकर: नगरसेवकाच्या हाती काहीच नसते, तर महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला म्हणून २००५ साली कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त का केली? २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. मग मराठी माणसाने आपले म्हणणे अधिकृतपणे मांडायचे तरी कुठे? शिवाय मराठीत कागदपत्रे द्या, असा आग्रह महापालिकेत धरणे हेही नगरसेवकाचेच काम आहे.

शहापूरचा मतदार: मराठी कागदपत्रांचे मान्य. परंतु त्या ठरावाने हद्द तसूभरही हलली नाही आणि बरखास्तीनंतर गल्लीतले गाऱ्हाणे ऐकायला आपला निवडलेला माणूसच उरला नाही, हेही विसरू नका.

खानापूरकर: आपण दोघेही शहरापुरते बोलत आहात. आमचा खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात असला, तरी लोकसभेला आम्ही उत्तर कन्नड मतदारसंघात मत देतो आणि निपाणीकर चिकोडीत. त्यामुळे सीमाभागाने एकवटून एक खासदार दिल्लीला पाठवावा, हे गणितच जुळत नाही. १९९६ साली बेळगाव लोकसभेला निषेध म्हणून मराठी भाषकांनी इतके अर्ज भरले की ४५६ उमेदवार रिंगणात राहिले आणि मतपत्रिकेची पुस्तिका झाली. (ती घडी घालून पेटीत टाकणाऱ्यांचे हात पाहायला हवे होते!) इतर काही ठिकाणीही त्या वर्षी अशीच गर्दी झाली, तेव्हा लोकसभेची सर्वसाधारण उमेदवाराची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर नेण्यात आली, आज ती २५,००० आहे आणि वैध मतांचा एकषष्ठांश वाटा न मिळाल्यास ती जप्त होते. तसा निषेध आता कोणाच्या खिशाला परवडणार?

वडगावकर: मग ज्यांची चंदगडकडे जुनी घरे आहेत, त्यांनी नाव तिकडे लावून महाराष्ट्रात तरी मत द्यावे. आमच्या भावकीत हा विचार चालू आहे.

खानापूरकर: असे मुळीच करू नका. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार केवळ घर मालकीचे आहे, एवढ्यावरून कोणी तिथला सामान्य रहिवासी, म्हणजे नेहमी तिथे राहणारा, ठरत नाही, आणि एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. नोंदणीसाठी खोटी माहिती लिहून दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

वडगावकर: ठीक आहे, भावकीला तसे कळवतो, नाव इथेच राहील. मात्र मत समितीलाच. अडचण एवढीच, की मागच्या खेपेस आमच्या वॉर्डात स्वतःला समितीचे म्हणवणारे दोघे उभे होते, आणि त्यांतला खरा कोणता, हे मतदानाच्या सकाळपर्यंत आमच्या घरातही ठरले नव्हते.

शहापूरचा मतदार: त्या दोघांना गटारीविषयी कोणी विचारले होते का?