सलग समतल चर पहिल्याच पावसात फुटले, यंदा काय बदलावं?

माळकरी:
माण तालुक्यातलं गायरान, साधारण 8 हेक्टर, मुरमाड, उतार 10-12 टक्के. पावसाचं पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर: 2 फूट रुंद, 1 फूट खोल, दोन चरांत 20 मीटर अंतर. मृगात तीन ठिकाणी फुटले, खाली घळी पडल्या. श्रमदानाऐवजी जेसीबीने पायथ्याला एकच मोठा चर मारला तर चालेल का?

शिवारफेरी:
आधी फुटलं कुठे ते पाहा. ओघळीच्या तोंडाशी फुटलं असेल तर चर ओघळीतून आरपार नेलेला असणार. ओघळीच्या अलीकडे-पलीकडे तीन-तीन मीटर सोडून चर थांबवायचा. मधेच फुटलं असेल तर लेव्हल चुकली. समतल नसलेल्या चरात सगळं पाणी सखल टोकाला धावतं आणि तिथला भराव (चरातून काढलेल्या मातीचा बांध) ओलांडतं.

ए-फ्रेम (समान पातळी शोधायची A आकाराची चौकट, मधे ओळंबा) आधी तपासा. दोन खुंट्यांवर पाय टेकवा, ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण. दोन्हींच्या मधोमध खरी लेव्हल. वारा असला की ओळंबा हलतो, म्हणून आखणी सकाळी करा. हायड्रोमार्कर (नळीतल्या पाण्याने पातळी दाखवणारं साधन) वापरत असाल तर नळीत बुडबुडा नको, एवढ्याशा बुडबुड्याने रीडिंग पार बदलतं. शिवाय दर 10 मीटरवर चरात दीड फुटाचा तुकडा न खोदता ठेवा. लेव्हल थोडी चुकली तरी पाणी एका टोकाला जमत नाही.

घनमीटर:
खरी गोम 20 मीटरच्या अंतरात आहे. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. एका दमात 50 मिमी पडला आणि उघड्या माळावरून निम्मा वाहिला असं धरा: 250 घनमीटर. तुमच्या चराचा छेद (रुंदी × खोली) मीटरमध्ये 0.6 × 0.3, म्हणजे 0.18 चौरस मीटर. 20 मीटर अंतराने हेक्टरी 500 मीटर चर बसतो, त्यात मावतं 90 घनमीटर. बाकीचं जाणार कुठे?

अंतर 7 मीटर करा, नाहीतर खोली दीड फूट करून 11 मीटर. खोदाई दोन्हीकडे सारखीच. मुरूम कठीण लागला तर पहिला पर्याय बरा, दीड फुटाला टिकाव उसळतो.

माळकरी:
हिशोब पटला. आणि जेसीबी?

शिवारफेरी:
पायथ्याला एकच चर म्हणजे अख्ख्या डोंगराचं पाणी एका जागी गोळा करणं. पाणी तिथे येईपर्यंत जोरही धरतं आणि मातीही आणतं, चर गाळाने भरतो. माथ्यापासून सुरू करून खाली या. ओघळीत दगडी बांध घाला, उंची मीटरच्या आत, पाया फूटभर, दोन्ही टोकं काठात घुसवलेली. मध्यभाग काठापेक्षा खाली ठेवा, नाहीतर पाणी बगलेने काठ कापतं. मोठे दगड पाणी वाहून जातं त्या खालच्या अंगाला.

कुसळी:
भरावाबद्दल कुणी बोललंच नाही. माती चराच्या खालच्या बाजूला, काठापासून फूटभर सोडून टाका. काठालाच लावली तर पहिल्या सरीत परत चरात. भरावावर पावसाआधी मारवेल, पवना यांचं बी मातीत कालवून फोका. गायरान आहे म्हणजे शेळ्या येणारच, त्यांच्या खुरांनी भराव चरात ढासळतो. ग्रामसभेत निदान दोन पावसाळ्यांची चराईबंदी ठरवून घ्या, गवत कापून न्यायला मोकळीक ठेवा, म्हणजे मेंढपाळांशी वाद होत नाही. गाळ दर उन्हाळ्यात काढून त्याच भरावावर टाका.