रिअल्म: कोड खुला आहे, पण सांभाळणार कोण?
रिअल्म म्हणजे मोबाइल ॲपचा डेटा फोनमध्येच साठवणारा डेटाबेस. ते गुंडाळलं जाण्यावर काही जण म्हणतात, "कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) आहेच, मग घाबरायचं कशाला?" हा मुद्दा काही पटला नाही. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१९ मध्ये रिअल्म विकत घेतलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. परवाना अपाचेचा, म्हणजे कोड कुणीही वापरावा, बदलावा; मान्य. पण गाभा सी प्लस प्लस या भाषेत, फाइलचा फॉरमॅटही स्वतःचा. अँड्रॉइडने १६ केबीची मेमरी पेजेस (मेमरी हाताळायचे तुकडे) आणली की अशी सी प्लस प्लसमधली नेटिव्ह लायब्ररी नव्याने बिल्ड करणं आलं. फोर्क (कोडची आपली वेगळी प्रत) काय, एका क्लिकमध्ये होतो. पुढचं हे सगळं फुकटात कोण निस्तरणार?

ज्यांचं ॲप फक्त लोकल डेटा ठेवतं, त्यांनी आत्ताच रूम या गूगलच्या डेटा साठवायच्या लायब्ररीकडे वळावं. मात्र रिअल्म लगेच काढून टाकू नका. वापरकर्त्याच्या फोनमधली जुनी फाइल वाचायला पुढच्या काही आवृत्त्यांत ते लागणारच.