अनुभव धागा : वेग देताना गाडी किंचाळते तेव्हा

अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडताच बोनेटखालून चिरका आवाज येऊ लागला, की गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते : फॅन बेल्ट (इंजिनाच्या जोरावर इतर भाग फिरवणारा रबरी पट्टा) बदला. बेल्ट बदलला जातो, आठ-पंधरा दिवस शांततेत जातात आणि आवाज पुन्हा सुरू होतो. माझ्या बाबतीत हे दोनदा घडले, म्हणून हा धागा काढत आहे. आवाज नेमका केव्हा येत होता, कशाने वाढत किंवा थांबत होता आणि अखेर कोणता भाग सदोष निघाला, एवढे तपशील प्रत्येकाने कृपया अवश्य द्यावेत. नुसते ‘बेल्ट बदलला, आवाज गेला’ एवढे वाचून दुसऱ्या कोणाला निदान करता येत नाही.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझी दहा वर्षांची पेट्रोल गाडी सकाळी सुरू केल्यावर आणि एसी लावून सिग्नलवरून निघताना किंचाळत असे. अल्टरनेटरची (बॅटरी भरणाऱ्या जनित्राची) पुली लहान असल्याने ती इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरते आणि आपण एकदम रेस देतो तेव्हा तिच्यामागचा जड रोटर (फिरता भाग) त्याच क्षणी वेगात आणण्याचे काम बेल्टला करावे लागते. त्यातच सकाळी बॅटरी भरत असते, एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार पडतो. पकड कमी असली, तर बेल्ट घसरतो तो नेमका अशा वेळी. तिसऱ्या मेकॅनिकने बेल्ट उतरवला आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवून आवाज बंद झाल्याची खात्री केली. बेल्ट नसताना इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही थांबलेला असतो, त्यामुळे त्याहून अधिक वेळ इंजिन चालवणे योग्य नाही. मग त्याने एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. अल्टरनेटर आणि पंप निमूटपणे फिरले. टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची) पुली मात्र आत वाळू गेल्यासारखी खरखरली आणि तिच्या स्प्रिंगमध्ये जोरही उरलेला नव्हता. टेन्शनर बदलला, बेल्ट तोच ठेवला. त्याला आता दोन वर्षे होत आली आहेत.

नाशिकहून :
मी स्वतः वाहनदुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून एक सोपी परीक्षा सांगतो. इंजिन सुरू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर साध्या पाण्याचा फवारा मारावा; ओढणी, सैल बाही आणि हात बेल्टपासून दूरच ठेवावेत. आवाज लगेच वाढला, तर बेल्ट सैल आहे किंवा घसरतो आहे. काही क्षण थांबून पुन्हा आला, तर बहुधा एखादी पुली रेषेत नाही. मागच्या वर्षी आलेल्या एका गाडीचा अल्टरनेटर दुसरीकडे नुकताच बदललेला होता. पुल्यांवर पोलादी पट्टी आडवी धरली, तेव्हा अल्टरनेटरची पुली सुमारे दोन मिलिमीटर पुढे आलेली दिसली. पाहिले तर बसवताना ब्रॅकेटमागे एक वॉशर जास्तीचा पडला होता. तो काढला आणि एकही नवा भाग न घालता आवाज गेला. आणखी एक सांगणे आवश्यक वाटते : हल्लीच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या बेल्टला जुन्यासारख्या भेगा पडतातच असे नाही, त्याच्या खाचा झिजून खोल होतात. त्यामुळे ‘भेगा नाहीत, बेल्ट चांगला आहे’ हा निष्कर्ष फसवा ठरतो.

चिपळूणहून :
पावसाळ्यात आमच्या गाडीचा आवाज फक्त पाणी साचलेल्या रस्त्यावरून गेल्यावर येत असे, म्हणून इंजिनाखालचे तुटलेले प्लास्टिकचे कव्हर आम्ही आधी बसवून घेतले. पाऊस संपला तरी आवाज थांबला नाही. नीट पाहिल्यावर वॉटर पंपाखाली कूलंटचा गुलाबी, चिकट ओघळ दिसला. थेंब बेल्टवर पडून तो काच मारल्यासारखा चकचकीत झाला होता. कोणीतरी बेल्टवर साबणाची वडी फिरवण्याचा सल्ला दिला होता. तो ऐकला असता, तर आवाज चार दिवस दबला असता आणि गळती लपून राहिली असती. पंप आणि बेल्ट एकाच वेळी बदलले.

कोल्हापूरहून :
आमच्या डिझेल गाडीचा आवाज जागेवर उभे राहून कितीही रेस दिली तरी येत नसे. आंबोली घाट चढताना तिसऱ्या गियरमध्ये मात्र लांबलचक शिट्टी वाजे, पिकअप पडे आणि मागे काळा धूर दिसे. टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागाकडून) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या होजला क्लॅम्पजवळ बोटभर चीर गेली होती आणि तिच्याभोवती ऑइलचा थर जमला होता. भार आला, की दाबाची हवा त्या चिरेतून सुटत असे. तोवर बेल्टवर केलेला खर्च वाया गेला होता, याचे अजून वाईट वाटते.

सोलापूरहून :
आमच्याकडचा आवाज वेगाबरोबर वाढे, पण न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळत असतानाही चालूच राही. म्हणजे इंजिनाचा संबंधच नव्हता. चाक काढले, तेव्हा ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये तुरीच्या दाण्याएवढा खडा अडकलेला सापडला.

साताऱ्याहून :
मी हा आवाज तीन आठवडे मनावर घेतला नाही. खंबाटकी घाटात तो एकाएकी थांबला, आणि मला बरेच वाटले. पुढच्याच वळणावर स्टीअरिंग दगडासारखे जड झाले, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला, कारण ही तिन्ही कामे एकाच बेल्टवर होती आणि तो तुटला होता. गाडी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केले, म्हणून इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) वाचले. बोनेट उघडले, तेव्हा बेल्टच्या दोऱ्या पंख्याभोवती गुंडाळलेल्या होत्या आणि आयडलर पुलीचे (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या पुलीचे) बेअरिंग तापून निळे पडले होते.